तिनडोळी

१२ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद नेहमीचेच. पत्र बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू दीड वाक्य बोलतेस आणि ‘आप्पांना देते हं’ म्हणून सटकतेस. मागच्या वेळी सटकली नाहीस, तर मीच रिसीव्हर आपटला. तो तेव्हापासून खरखरतो. म्हणून म्हटलं, कागद बरा.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तिनडोळी घ्यायचीय. हो, तीच. आपल्या व्हिडिओ हॉलमध्ये होती तसली, पडद्यावर सिनेमा पाडणारी, लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन ट्यूबांची, प्रत्येकीपुढे वाटीएवढं भिंग, आणि उचलायला चार माणसं. नवी आता कोण बनवतं? कुणीतरी काढून टाकलेली, पण धड चालणारी हवी. पैसे म्हणशील तर नव्या शिलाई मशीनसाठी ठेवलेत तेवढेच आहेत. त्यात भागलं पाहिजे आणि फसायचं नाहीये.

तुला विचारायची मला काही हौस नव्हती. पण तिनडोळीच्या पोटात हात घातलेली माणसं मला दोनच माहीत आहेत. एक आप्पा, आणि त्यांना एवढ्यात कळू द्यायचं नाही. दुसरी तू.

कशासाठी घेतेय ते तुला कळलंच असेल, तरी लिहिते. आई गेल्यापासून आप्पा माझ्याकडे होते. सप्टेंबरात ‘महिनाभर धाकटीकडे जाऊन येतो’ म्हणाले आणि तुझ्याकडेच मुरले. का मुरले ते कळायला मला काही ज्योतिषी लागत नाही. तुमच्याकडे सिनेमाची वेगळी खोली आहे, मागे झुकणाऱ्या खुर्च्या आहेत, भिंतभर पडदा आहे. माझ्याकडे काय, तर दिवसभर वीजबिलाच्या खिडकीत बसून चिडून आलेली मुलगी आणि तिचा न बोलणारा नवरा.

पण परवा आप्पा फोनवर काय म्हणाले ते ऐक. म्हणाले, “थोरले, इथं काळं काळं राहिलं नाही बघ. सगळं दुधाळ दिसतं. एक रेघ सरळ नाही. आणि मधोमध डाग.” मी म्हटलं, “कशात, मशीनमध्ये?” म्हणाले, “हो, मशीनच म्हणायचं.”

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी खिडकी बंद झाल्यावर आलेल्या माणसाचंही बिल घेतलं. तुझ्या यजमानांचं ते डब्याएवढं, पांढरंशुभ्र डिजिटल मशीन! एवढा तोरा आणि काळोख म्हणून दाखवतंय काय, तर धुतलेल्या पाटीसारखा करडा रंग. आप्पांच्या डोळ्यांना ते कसं चालेल? तिनडोळीत काळं म्हणजे काळं. बाण अंधारात मारला की लागलेला दिसायचा नाही, असं काळं.

तेव्हा जुनी घेताना काय काय बघायचं ते सविस्तर लिही. तुझं पोट दुखेल, ओवा खा. पण लिही.

ताई


२ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर आलं. चार पानं! मला वाटलं होतं, टाळशील. सगळं दोनदा वाचलं आणि तुझ्या शब्दाबाहेर न जाता वागले, हे आधी सांगते, म्हणजे पुढे बोलायला जागा राहायला नको.

जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणारा एक दुकानदार आहे, बोलता बोलता मिशी पिळणारा. त्याला आम्ही घरात मिशीवाला म्हणतो. तो मला एका सभागृहात घेऊन गेला. तिथली तिनडोळी छताला टांगलेली, आता त्यांना डिजिटल घ्यायचंय. मिशीवाल्याने शिडीवर चढून मशीन चालल्याच्या तासांचा आकडा वाचून दाखवला. “ताई, नुसतीच टांगलीय, वापरलीय कुठे?” तू लिहिलंयस ना, आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, तो माणसाच्या वयासारखा असतो, सांगेल तेवढा. मी म्हटलं, “मशीन बंद करा आणि बॅटरी द्या.” शिडीवर मी स्वतः चढले. आमचे हे खाली शिडी धरून उभे, नेहमीप्रमाणे गप्प.

बॅटरीचा उजेड भिंगातून आत टाकला. हिरवी बरी होती. निळ्या ट्यूबमध्ये मात्र कडेने स्वच्छ आणि मध्ये तपकिरी चौकोन, भिंतीवरची जुनी तसबीर काढल्यावर राहतो तसा, फक्त उलटा. म्हणजे चित्र पडून पडून मधला भाग भाजलाय. “आणि ही वापरलेली नाही?” म्हटल्यावर मिशीवाल्याने मिशी सोडली आणि कान खाजवायला लागला.

एक प्रामाणिक वाक्य लिहून टाकते. शिडीवर असताना, आतल्या त्या काचेवर उजेड पडला तेव्हा, मला तुझा राग आला. मशिनीचा नाही, तुझा. मी पन्नाशीला आले आणि पहिल्यांदा तिनडोळीच्या आत बघत होते. तू दहाव्या वर्षी बघितलंस.

खाली उतरल्यावर हे म्हणाले, “नको ना?” मी म्हटलं, “नको.” महिन्याभरातलं हे आमचं सगळ्यात मोठं संभाषण.

ती रद्द. दुसरी शोधतोय. आणि हो, तुझ्या पत्राखाली आप्पांच्या दोन ओळी होत्या, त्या तुझ्या अक्षरात का? त्यांच्या हाताला काय झालं? सांगून लिहवून घेतात म्हणे. तुझ्याकडे राहून साहेब झालेत.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

ही घाईत. दुसरी बघितली, एका दारूच्या बारमधली. मला आत जाताना बघून तिथलं एक गिऱ्हाईक उठून उभं राहिलं, त्याला वाटलं मी त्याचीच बायको.

तू सांगितल्याप्रमाणे पडदाभर नुसता पांढरा रंग पाडायला सांगितला, दोन भिंगांवर झाकण, एक उघडं, अशा तिन्ही ट्यूबा एकेक करून बघितल्या. तिन्हींच्या तळाशी आडवी पट्टी भाजलेली. वर्षानुवर्षं तिथं मॅचचा स्कोअर दिसत राहिला, तो आता कायमचा. कुठलाही सिनेमा लावा, नायिका मरतेय आणि तिच्या पायाशी कुणीतरी नाबाद. मिशीवाला म्हणतो, “पडदा खालून जरा दुमडून घ्या.” माणसाने विकायला उभं राहावं तर असं.

आप्पांशी फोनवर बोलले. तुमच्या मशीनचा मधला डाग मोठा झालाय म्हणे. माझ्या तोंडून ‘अरेरे’ निघालं, पण ते कसं निघालं ते मलाच ऐकू आलं. फोन तू घेतलास तेव्हा म्हणालीस, “ताई, तू ह्या मशीनच्या भानगडीत कशाला पडतेस?” मी काही बोलले नाही. आता बोलते. भानगड तुझ्याकडे आहे, माझ्याकडे हौस आहे.

ताई


११ मार्च

धाकटे,

‘नको. थांब. घाई नको.’

एवढंच? चार पानांवरून चार शब्दांवर? मी तुला दातांच्या डॉक्टरांकडची तिनडोळी इतकी बैजवार कळवली. त्यांनी हौसेने घरी घेतली, बायकोला त्या पंख्याचा आवाज सहन होईना, म्हणून तिच्यावर चादर घालून ठेवली. तिन्ही ट्यूबा कोऱ्या. भिंगामागे थंडाव्याला भरलेल्या पाण्यात बुरशी नाही, मी बॅटरीने तीनदा बघितलं. थंड असताना चालू केली, अर्धा तास तापू दिली, चित्र हललं नाही. काळं असं की खोलीची भिंत कुठे संपते ते कळेना. पैशांतही बसते, कारण डॉक्टरीणबाईंना ती एकदाची घराबाहेर हवीय. तूच लिहिलेल्या एकेका कसोटीला उतरली आणि तू म्हणतेस, थांब. का थांबू? कारण एकही नाही. मशिनीत खोट नाही, म्हणजे खोट दुसरीकडे आहे.

मी सांगते कुठे आहे. तिनडोळी माझ्याकडे आली की आप्पा माझ्याकडे येतील, हे तुला कळलंय. तुला ते सोडवत नाहीत.

मला सवय आहे, धाकटे. हॉलवर कोण कुठे असायचं? तू आत, मी बाहेर. शो सुरू व्हायच्या आधी आप्पा पडद्याशी उभे राहायचे, पडद्यावर ती रेघांची जाळी, आणि तू मशिनीशेजारच्या लाकडी खोक्यावर बसून बटणं पिळायचीस. “लाल उजवीकडे… अजून… जरा वर… बसलं!” तीन रंग एकावर एक बसले की आप्पा तो शब्द असा म्हणायचे की बाहेर तिकिटाच्या खिडकीत माझ्या अंगावर काटा यायचा. मी त्या शब्दावर पहिलं तिकीट फाडायचे. लोक आत गेले की दार बंद.

मी एकदा म्हटलं होतं आप्पांना, की मला पण बटणं पिळायचीत. म्हणाले, “थोरले, तू हिशेबाला पक्की. धाकटीच्या हातात खिडकी दिली तर ती गिऱ्हाइकाला पैसे परत करून बसेल.” सगळे हसले. मीही हसले. कौतुकच होतं ते. कौतुकानेच मला बाहेर बसवलं, त्यामुळे भांडायची पण सोय राहिली नाही.

आपल्या हॉलवर लागलेला एकही सिनेमा मी बघितलेला नाही, तुला माहीत आहे? ऐकले सगळे. पाठीमागे लाकडी भिंत, भिंतीपलीकडे सिनेमा. घोड्यांच्या त्या सिनेमात टापा वाजल्या की मध्यंतर जवळ आलं, हे मला कळायचं. घोडा कुठल्या रंगाचा होता ते अजून माहीत नाही. तुला माहीत आहे.

तेव्हा मला थांब म्हणू नकोस. मी खूप थांबले.

तुझी मोठी बहीण


१५ मार्च

घेतली.

आप्पांना पाठव. आता सांग त्यांना, थोरलीने तिनडोळी घेतली म्हणून. कारण काय द्यायचं ते तू बघ, तुला कारणं सुचत नसली तर नुसतं ‘जा’ म्हण.


६ एप्रिल

धाकटे,

तुझ्या यजमानांनी आप्पांना दारापर्यंत आणून सोडलं, आत मात्र आले नाहीत. माझ्या पत्राची हकिकत त्यांना कळलेली दिसते. असो. पाहुण्याला चहा विचारला होता, हे नोंद करून ठेव.

आप्पा आले ते चौकटीवरून, भिंतीवरून हात फिरवत फिरवत आत आले. प्रत्येक दाराला हात लावला. मला भरून आलं. तुझ्या त्या संगमरवरी घरात सहा महिने काढले, पण ओढ ह्याच घराची. हे मी तुला मुद्दाम लिहितेय.

त्यांची जुनी खोली मी पार बदलून टाकलीय. तिन्ही भिंतींना गडद रंग, छताला पण, खिडकीला जाड पडदे, समोरची भिंत पांढरी. पडद्याच्या रुंदीला धरून मशीन किती लांब ठेवायचं ते तुझ्या पहिल्या पत्रातलंच गणित. तिनडोळी आत आणताना मिशीवाला, त्याची दोन माणसं आणि आमचे हे, असे चौघे लागले. ह्यांची कंबर धरली. तीन दिवस आडवे होते, पण कण्हले सुद्धा नाहीत. न बोलण्याचा एवढाच फायदा.

आप्पा तिनडोळीशेजारी बसले, तिच्या पाठीवर हात ठेवून. “तापते अजून तशीच,” म्हणाले. मी म्हटलं, “सिनेमा लावू?” म्हणाले, “आधी रंग बसवायला हवेत. उद्या बसवू. तू बटणांवर बस.”

मी. बटणांवर. वाचलंस ना?

एक गोष्ट मात्र ह्यांनी काढली. म्हणाले, “आप्पा माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात.” मी म्हटलं, “तुमचं तोंड कधी हलत नाही, मग बिचारे दुसरीकडे बघणार नाहीत तर काय!”

ताई


८ एप्रिल

धाकटे,

तुला माहीत होतं.

मी हे पत्र तीनदा फाडलं. काल दुपारी पडदे ओढून रंग बसवायला घेतले. पडद्यावर जाळी, लाल, हिरवी, निळी, तिन्ही वेगवेगळ्या जागी. आप्पा पडद्याशी जाऊन उभे राहिले तसेच, एक हात कमरेवर. मी बटणांवर. मला केवढा आनंद, काय लाज. “लाल उजवीकडे,” म्हणाले. मी पिळलं. “अजून. जरा वर. थांब, थांब… बसलं!”

तोच आवाज. तोच शब्द. आणि पडद्यावर लाल रेघ हिरवीपासून वीतभर लांब.

मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हटलं, “आप्पा, कुठे बसलं? केवढा फरक आहे!” ते म्हणाले, “बसलं म्हणतो ना मी.” जरा रागावूनच. मग त्यांनी मान तिरकी केली, चिमणी दाणा बघते तशी, एका बाजूने जाळीकडे बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. मग पडद्यावर हात ठेवला आणि बोटांनी रेघ शोधायला लागले. उजेडाची रेघ, धाकटे. बोटांना लागेल कशी?

मी उठले नाही. तेच बोलले. “थोरले, मधलं गेलंय. कडेचं दिसतं, मधलं नाही. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड नाही. डोळ्यांचा डॉक्टर पण अशीच जाळी दाखवतो तिकडे. म्हणतो, कुठली रेघ वाकडी दिसते सांगा. मी तिथंही म्हणतो, बसलं.”

आणि हसले. मी नाही हसले.

मग एकेक उलगडत गेलं. काळं दुधाळ, रेघा वाकड्या, मधोमध डाग. मशीनच म्हणायचं, म्हणाले होते, आणि मी तुझ्या यजमानांच्या डब्याला हसत बसले. तुझ्या चार शब्दांच्या पत्राचा अर्थ पण लागला. ज्यांना दाखवायचं त्यांना दिसणार नाही, आणि मी शिलाई मशीनचे पैसे त्यात घालतेय, हे तुला बघवेना. महिनाभर म्हणून गेले ते डोळ्यात इंजेक्शनं घ्यायला. झुकणाऱ्या खुर्च्यांसाठी नाही.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी बॅटरी लावून शोधत होते.

पण थांब, मी नरम पडले असं समजू नकोस. मी आप्पांना एकच विचारलं. “तिला सांगितलंत. मला का नाही?” माझ्या बापाचे डोळे जातायत आणि मी हे विचारतेय. मला कळत होतं. तरी तेच पहिलं तोंडातून निघालं.

म्हणाले, “तू हिशेबाला पक्की. आज किती दिसलं, कालच्यापेक्षा किती कमी झालं, रोज विचारलं असतंस. धाकटी विसरते. तिच्यामुळे मी पण जरा विसरतो. मीच तिला शपथ घातली होती.”

आत गेले आणि नळ सोडून रडले. तुझ्यावर जळण्याची मला इतकी सवय आहे, पण तुझ्या विसराळूपणावर जळायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मशीन बंद आहे. रंग तसेच, वीतभर लांब.

ताई


२७ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. त्यात तू माफी मागितलीस, ती ठेवून घेतली. माझी मागशील तर सध्या शिल्लक नाही. ‘आप्पांना परत घेऊन जाऊ का’ असं विचारलंयस, त्याचं उत्तर शेवटी देते. आधी झालं काय ते वाच.

रंग मी एकटीने बसवले. आठवडाभर कामावरून आले की जाळी लावून बसायचे. लाल, हिरवी, निळी. एक कोपरा बसला की दुसरा उसवायचा. तू दहाव्या वर्षी हे शो सुरू व्हायच्या आत करायचीस, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून इथे लिहिते. शेवटी एका संध्याकाळी बसले. शब्द म्हणायला कुणी नव्हतं. हे होते, पण ते ‘हं’ म्हणाले.

रविवारी दुपारी घोड्यांचा सिनेमा लावला. जुनी कॅसेट मिशीवाल्याने शोधून दिली, आता तो मला वचकून असतो. आप्पा, मी आणि हे. मी आप्पांना सांगायला सुरुवात केली. आता तो वाड्यात शिरतोय, आता ती वळून बघतेय. आप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“असं नको सांगूस. धाकटी असंच सांगते. ती दमते, मी पण दमतो. तिला वाटतं मला कळलं, मी म्हणतो कळलं.” मग म्हणाले, “तू खिडकीत बसून कसा बघायचीस?”

मी म्हटलं, “बघायचे कुठे, आप्पा? ऐकायचे.”

“मग तेच शिकव मला.”

आतून कसं शिकवणार? आत चित्र असतं, डोळे आपोआप तिकडेच जातात, माझे पूर्ण आणि त्यांचे कडेकडेने. मी त्यांना उठवलं. दोन स्टुलं काढली, बोळात ठेवली, खोलीचं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून दोघं बसलो, मी तिकिटाच्या खिडकीत बसायचे तशी. आत हे एकटेच बसले होते. त्यांना बाहेर बोलावलं नाही. कुणीतरी बघायला हवं ना, एवढी कंबर धरली त्यांची.

मग मी आप्पांना शिकवलं. बोलणाऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही, गप्प बसलेल्याकडे द्यायचं. बांगड्यांचा आवाज थांबला तर तिने त्याला बघितलंय. खलनायकाच्या बुटाला नाल असते, बापाच्या नसते. वाजंत्री एकदम बंद पडली की घाबरायचं नाही, पुढचा आवाज येतो तो महत्त्वाचा. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. “आता तो गेला,” म्हणाले. मी म्हटलं, “नाही, दार वाजलं नाही. दारातच उभा आहे.” “मग आता गेला.” “अजून नाही. थांबा… जरा थांबा…”

तेवढ्यात दार वाजलं, पायऱ्यांवर पावलं वाजली, आणि लांब कुठेतरी टापा. आप्पांनी माझा हात घट्ट धरला. “घोडा सोडलाय त्याने,” म्हणाले. “परत येणार नाही तो. ती वरून बघतेय, पण हाक मारत नाही.”

अगदी तसंच, धाकटे. मी हॉलच्या खिडकीत कितीतरी वेळा ऐकलंय ते, तसंच.

मी म्हटलं, “बसलं!”

माझ्या तोंडून तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा निघाला. आप्पा असे हसले की आतून ह्यांनी दार उघडून बघितलं. आणि ऐक, हे काय म्हणाले. “घोडा पांढरा आहे,” म्हणाले. आपण होऊन. मग परत आत जाऊन बसले.

आता तुझं उत्तर. इंजेक्शनाच्या वेळी आप्पा तुझ्याकडे येतील, डॉक्टर चांगला आहे म्हणतात आणि सांभाळतेसही तू चांगलं. बाकी ते इथेच राहतील. त्यांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं, विचारायची भीती वाटत होती.

तू ये. तिनडोळीच्या डाव्या कोपऱ्यात निळा अजून केसभर सुटलाय, माझ्याच्याने बसत नाही, तो बसवून दे. मग सिनेमा लावू. पण तू आत बसशील, ह्यांच्या शेजारी, आणि आम्ही दोघं बाहेर. आतून आमचं हसू ऐकू येईल, कशाला हसतोय ते कळणार नाही.

आम्ही कसा ऐकतो ते शिकायचं असेल तर शिकवीन. बोळात तिसरं स्टूल मावतं, मी मोजून बघितलंय. पण लगेच नाही हं, धाकटे. आधी चार दिवस जळ.

ताई